४९ दिवस १७ तास : आमचा कंट्रोलर आणि ‘सिद्ध झालेला’ प्रोग्रॅम

कोल्डस्टार्ट (धागालेखक) · रविवार, सकाळी १०:०५

मी शीतगृहांचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका लहान कंपनीत फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लिहितो. गेल्या महिन्यात एका ग्राहकाकडचा कॉम्प्रेसर पहाटे तीनच्या सुमारास थांबला आणि सकाळी माणूस येईपर्यंत थांबलेलाच राहिला. सुदैवाने खोली अर्धी रिकामी होती. आमचा कंट्रोलर तपमानाच्या सेन्सरकडून दर सेकंदाला निरोप घेतो; ५ सेकंदांत निरोप आला नाही, तर सेन्सर गेला असे धरून तो कॉम्प्रेसर थांबवतो. सेन्सर मात्र ठणठणीत होता.

तीन दिवस डोके फोडल्यावर कारण सापडले. आम्ही वेळ मिलिसेकंदांत, ३२ बिटांच्या काउंटरमध्ये मोजतो. हा काउंटर ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि मग शून्यावर येतो. त्याला ४९ दिवस आणि सुमारे १७ तास लागतात. ‘शेवटच्या निरोपाची वेळ अधिक ५०००’ ही आमची बेरीज काउंटर संपण्याच्या आधीच्या ५ सेकंदांत ओसंडते आणि उत्तर अगदी लहान येते. आत्ताची वेळ त्याहून मोठी असल्यामुळे मुदत उलटली, असे प्रोग्रॅम ठरवतो.

हाच कंट्रोलर इतर ठिकाणी दोन वर्षे विनातक्रार चालला आहे. तो का चालला, हे कळल्यावर हसावे की रडावे ते समजेना. त्या सगळ्या ठिकाणी महिन्या-दीड महिन्यातून एकदा तरी वीज जाते आणि काउंटर शून्यापासून सुरू होतो. या ग्राहकाने नुकताच चांगला इन्व्हर्टर बसवला होता. म्हणजे दोन वर्षे आमच्या चुकीवर भारनियमनाने पांघरूण घातले होते.

आता एक सहकारी म्हणतो की फॉर्मल व्हेरिफिकेशनने, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर असल्याची गणिती सिद्धता देऊन, ही चूक अर्ध्या तासात पकडली असती. साहेब विचारतात की ही रॉकेटवाल्यांची आणि चिपवाल्यांची चैन आहे की आपल्यासारख्यांनाही परवडते. मला त्याच्याही आधीचा प्रश्न पडला आहे : एखादा प्रोग्रॅम बरोबर असल्याचे ‘सिद्ध झाले’, याचा नेमका अर्थ काय?

निमूट · रविवार, सकाळी १०:२१

चांगला इन्व्हर्टर बसवल्याबद्दल ग्राहकावरच दावा ठोका.

फ्लिपफ्लॉप · रविवार, सकाळी ११:४०

तुम्ही एकटे नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ बद्दल एक निर्देश काढला होता. जनित्रांवर नियंत्रण ठेवणाऱ्या युनिटांना सलग २४८ दिवस वीज मिळत राहिली, तर आतला काउंटर ओसंडतो आणि ती एकाच वेळी सुरक्षित अवस्थेत जाऊन वीजपुरवठा बंद करू शकतात, असे त्यात म्हटले होते. सेकंदाचे शंभरावे भाग ३१ बिटांत मोजले, तर बरोबर २४८ दिवस आणि काही तास होतात. नवे सॉफ्टवेअर येईपर्यंतचा तात्पुरता उपाय काय होता? ठरावीक मुदतीने वीज बंद करून पुन्हा चालू करणे.

मी बंगळुरात चिप पडताळणीचे काम करते, म्हणून त्या बाजूचे सांगते. ६४ बिटांच्या दोन संख्यांची बेरीज करणारे सर्किट घ्या. त्याला देता येणाऱ्या जोड्या २ चा १२८ वा घात इतक्या, म्हणजे ३४ वर ३७ शून्ये. सेकंदाला १०० कोटी जोड्या तपासल्या, तरी सगळ्या संपायला १ वर २२ शून्ये इतकी वर्षे लागतील. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे चिपचे मॉडेल संगणकावर चालवून, आम्ही जे तपासतो, ते या ढिगातले चिमूटभरही नसते.

आमच्या धंद्याला जाग आणली ती १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये सापडलेल्या चुकीने. भागाकारासाठी त्यात १०६६ नोंदींचा एक तक्ता होता आणि त्यातल्या ५ नोंदी भरायच्याच राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचे उत्तर १.३३३८२ यायला हवे, ते १.३३३७३ येत असे. यदृच्छेने निवडलेल्या जोड्यांत ९०० कोटींतून एखाद्या वेळी चूक दिसेल, असे खुद्द इंटेलचे म्हणणे होते. व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. ती जुळेना म्हणून ते या चुकीपर्यंत पोचले. इंटेलला चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. त्यानंतर अंकगणिताच्या सर्किटांना सिद्धता हवीच, हा विचार रुजला. २००९ मध्ये तर इंटेलच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केले की कोअर आय७ चिपच्या एक्झिक्युशन क्लस्टरसाठी (आकडेमोड करणाऱ्या भागासाठी) त्यांनी फॉर्मल पडताळणी हाच मुख्य मार्ग ठेवला आणि कव्हरेजवर, म्हणजे किती भाग तपासून झाला या हिशेबावर, चालणारे नेहमीचे सिम्युलेशन बाजूला केले.

कसोटीवीर · रविवार, दुपारी १२:१५

मी चौदा वर्षे टेस्टिंग करतो आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. ही चूक पकडायला सिद्धता नको होती, थोडा खट टेस्टर हवा होता. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, वेळेचा काउंटर मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू करतात की मशीन चालू झाल्यावर पाच मिनिटांतच त्याचा ३२ बिटांचा फेरा पूर्ण व्हावा. ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याने ओसंडण्याचा विचार केला नसेल, तर तो ४९ दिवसांनी नव्हे, चहा संपायच्या आत उघडा पडतो. तुमच्या फर्मवेअरमध्ये हा बदल एका ओळीचा आहे आणि त्यासाठी कोणाला परदेशी प्रशिक्षणाला पाठवावे लागत नाही.

आणखी एक शंका आहे. काउंटर संपल्यावर तो शून्यावर येतो, पुढच्याच सेकंदाला सेन्सरचा निरोप येतो आणि हिशेब पुन्हा जुळतो. मग तुमचा कॉम्प्रेसर थोड्या वेळाने आपोआप सुरू व्हायला हवा होता. तो सकाळपर्यंत बंद का राहिला?

कोल्डस्टार्ट · रविवार, दुपारी १२:५०

कसोटीवीर, लिनक्सची युक्ती उद्याच करतो. सकाळी गेलेल्या माणसाला मोटरवर जादा भार आला की वीज तोडणारा ओव्हरलोड रिले पडलेला दिसला. तो हाताने रीसेट करावा लागतो. रात्री व्होल्टेज वरखाली झाले असेल, असे आम्ही धरून चाललो. तुम्ही विचारल्यावर आता मलाही ते खटकू लागले आहे.

खडूडस्टर · रविवार, सायंकाळी ५:३०

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘औपचारिक पडताळणी’ असे म्हटले की आपल्याकडे सही-शिक्का मारून उरकलेले काम डोळ्यांसमोर येते. मराठी तर्कशास्त्रात ‘आकारिक’ हा चांगला शब्द आहे. आशयाकडे न पाहता केवळ विधानांच्या आकारावरून, ठरलेल्या नियमांनी एका विधानातून दुसरे काढत जाणे, ते आकारिक. यंत्राला तेवढेच जमते आणि तेवढे पुरते.

फ्लिपफ्लॉप यांनी दिलेला आकडा पाहून कोणालाही वाटेल की इतक्या जोड्या तपासणे अशक्य, तर सिद्धता तरी कशी शक्य आहे? पण (अ + ब) च्या वर्गाचे सूत्र आपण आठवीत आकडे घालून तपासले नव्हते. अक्षरे तशीच ठेवून गुणाकार केला आणि ते सगळ्या आकड्यांसाठी एकदमच मिळाले. पडताळणीची साधने हेच मोठ्या प्रमाणावर करतात. टोनी होअर यांनी १९६९ मध्ये प्रोग्रॅमच्या प्रत्येक विधानाआधी काय खरे असते आणि नंतर काय खरे होते, हे लिहिण्याची पद्धत मांडली. दुसरी वाट क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांची. यंत्राच्या सगळ्या अवस्था धुंडाळायच्या आणि नको ती अवस्था गाठता येत असेल, तर तिथवर नेणारा रस्ता दाखवायचा. हे मॉडेल चेकिंग. त्यासाठी या तिघांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता कसोटीवीर यांच्या मुद्द्याकडे येतो. त्यांची युक्ती मला मनापासून आवडली, परंतु ती चालते कारण रोग आधीच ठाऊक आहे. नीडहॅम आणि श्रोडर यांनी १९७८ मध्ये दोन संगणकांनी एकमेकांची ओळख पटवण्याचा एक प्रोटोकॉल, म्हणजे निरोपांची ठरलेली देवाणघेवाण, प्रसिद्ध केला. पब्लिक-की (एक किल्ली जाहीर, एक गुप्त) प्रकारात त्यात अवघे तीन महत्त्वाचे निरोप आहेत. ते पोस्टकार्डावर मावतील. त्यावर अभ्यासकांनी १७ वर्षे चर्चा केली. १९९५ मध्ये गॅव्हिन लो यांनी दाखवले की मधला लबाड माणूस दोन संभाषणे एकमेकांत गुंतवून दुसऱ्याच्या नावाने बोलू शकतो, आणि पुढे मॉडेल चेकरकडून तोच हल्ला काढून घेतला. तिथे कोणता खट टेस्टर काय शोधणार होता? काय शोधायचे, हेच कोणाला माहीत नव्हते.

वायफळ · रविवार, रात्री ८:०२

सर, तुमच्याच उदाहरणाची उलटी बाजू सांगतो. वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा-पद्धतीतल्या चार पायऱ्यांच्या हस्तांदोलनाची (जोडणीच्या वेळच्या निरोपांच्या देवाणघेवाणीची) सुरक्षितता आकारिक पद्धतीने सिद्ध झालेली होती. तरी २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ यांनी त्यावर क्रॅक नावाचा हल्ला दाखवला. तिसरा निरोप पुन्हा पाठवला की वायफायला जोडले जाणारे यंत्र तीच किल्ली नव्याने बसवते आणि एकदाच वापरायचा आकडा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते. सिद्धतेत चूक नव्हती. किल्ली गुप्त राहते, एवढेच तिने सिद्ध केले होते आणि ते आजही खरे आहे. किल्ली कधी आणि किती वेळा बसवायची, हे त्या मॉडेलमध्ये लिहिलेलेच नव्हते.

म्हणून धागालेखकांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की ‘सिद्ध झाले’ हे वाक्य अर्धवट आहे. काय सिद्ध झाले आणि काय गृहीत धरून, हे जोडल्याशिवाय ते वाक्य कोणी उच्चारू नये.

अर्धविराम · रविवार, रात्री ८:१०

+१. आमच्याकडे ‘माझ्या मशीनवर चालते’ हीच सिद्धता आहे. गृहीतक एकच, की ग्राहकाने माझे मशीन घ्यावे.

फ्लिपफ्लॉप · रविवार, रात्री ९:३५

वायफळ यांच्याशी पूर्ण सहमत आणि त्यावर माझी स्वतःची फजिती सांगते. पहिल्या नोकरीत मला एक साधा फिफो (आधी आलेले आधी बाहेर देणारी रांग) दिला होता. मी त्यावर तीसेक प्रॉपर्टी लिहिल्या : भरलेला असताना आत काही घेऊ नये, रिकामा असताना बाहेर काही देऊ नये, आत गेलेला क्रम बाहेर येताना बदलू नये, वगैरे. टूल चालवले आणि दोन मिनिटांत सगळ्या प्रॉपर्टी हिरव्या झाल्या. मी हवेत. सीनियरना दाखवायला गेले, तर त्यांनी स्क्रीनकडे धड न बघता विचारले, “हा फिफो एकदा तरी भरतो का?”

ते तपासायला एक कव्हर प्रॉपर्टी, म्हणजे अमुक अवस्था गाठता येते का हा प्रश्न, लिहिली. टूलचे उत्तर आले : ही अवस्था गाठणे अशक्य. मग एकच नोंद तरी आत जाते का, ते विचारले. तेही अशक्य. आमच्या ब्लॉकचा रीसेट (सगळे पुसून सुरुवातीवर आणणारा संकेत) शून्य असताना लागू होणारा होता आणि मी गृहीतक लिहिताना तो कायम शून्य धरला होता. बिचारा फिफो जन्मभर रीसेटमध्ये झोपलेला; तो ओसंडणार कसा आणि क्रम चुकवणार कसा? याला आम्ही व्हॅक्युअस प्रूफ, म्हणजे पोकळ सिद्धता, म्हणतो. त्या दिवसापासून दोन मिनिटांत हिरवे झालेले काही दिसले की मला घाम फुटतो.

खडूडस्टर · रविवार, रात्री १०:०५

तुमचे सीनियर भेटले, तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

गृहीतकांचेच एक जुने उदाहरण आठवले. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध पाहून शोधण्याची रीत, बायनरी सर्च, आपण पहिल्याच वर्षी शिकवतो आणि ती बरोबर असल्याचे फळ्यावर सिद्धही करतो. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये कबूल केले की जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ग्रंथालयात (तयार प्रोग्रॅमांच्या संग्रहात) त्यांनी लिहिलेल्या याच प्रोग्रॅममध्ये सुमारे नऊ वर्षे चूक होती. मधली जागा काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मी करायची. यादी १०० कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज ३१ बिटांत मावत नाही. फळ्यावरच्या पूर्णांकांना कड नसते, यंत्रातल्या पूर्णांकांना असते. कोल्डस्टार्ट यांचा कॉम्प्रेसर याच कडेवरून पडला.

सेनेकाठी · सोमवार, पहाटे १:२०

मी गेली नऊ वर्षे पॅरिसमध्ये राहते आणि रोज मेट्रोच्या १४ क्रमांकाच्या मार्गाने जाते. तो मार्ग ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाला. गाडीत चालक नाही. लहान मुले सर्वांत पुढच्या काचेला नाक लावून बोगदा बघत बसतात. सुरक्षिततेचे सॉफ्टवेअर झाँ-रेमों आब्रियाल यांच्या बी पद्धतीने लिहिले आहे. आधी अगदी अमूर्त विधान करायचे आणि मग पायरी पायरीने ते प्रत्यक्ष प्रोग्रॅमपर्यंत उतरवत न्यायचे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला धरून आहे, हे सिद्ध करावे लागते. शेवटी त्यातूनच एडा भाषेतला सुमारे ८६,००० ओळींचा प्रोग्रॅम यंत्राने तयार केला. कसोटीवीर यांना धक्का बसेल, पण त्या भागाच्या युनिट टेस्ट (सुट्या तुकड्यांच्या चाचण्या) केल्याच नाहीत. पूर्ण यंत्रणेच्या चाचण्या मात्र झाल्या आणि सिद्धता संपल्यावर त्या भागात चूक सापडली नाही, असे करणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे.

याच देशाच्या पुढाकाराने बनलेल्या एरियान ५ रॉकेटचे पहिले उड्डाण ४ जून १९९६ रोजी ४० सेकंदांच्या आत संपले होते, कारण ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबला गेला. प्रोग्रॅम एरियान ४ मधला होता आणि तिथे तो बरोबर होता. इथेही गृहीतकच बदलले, प्रोग्रॅम नाही.

कसोटीवीर · सोमवार, सकाळी ९:४५

धक्का बसला नाही, हेवा वाटला. सेनेकाठी, त्या मेट्रोचे काम करणाऱ्यांना गाडीने काय करू नये, हे आधी लिहून मिळाले होते. मला चौदा वर्षांत तसा कागद दोनदा मिळाला असेल. आमच्याकडे स्पेसिफिकेशन म्हणजे ग्राहकाचा फोन. शिवाय खर्चाचे कोणीच बोलत नाही. सिडनीत बनलेल्या एसईएल४ या लहानशा कर्नलची सिद्धता २००९ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा सीच्या ८,७०० ओळींसाठी सिद्धतेच्या २ लाख ओळी लिहाव्या लागल्या आणि सिद्धतेला सगळे मिळून सुमारे २० मनुष्य-वर्षे लागली. कोल्डस्टार्ट यांच्या कंपनीत माणसे किती आहेत?

कोल्डस्टार्ट · सोमवार, सकाळी १०:००

मी धरून साडेतीन. अर्धा हिशेबनीस आहे.

फ्लिपफ्लॉप · सोमवार, सकाळी १०:३०

एसईएल४ हे टोक झाले. पायथ्याशी फुकट मिळणारी आणि स्वतःच चालणारी साधने आहेत. सी भाषेसाठी सीबीएमसी घ्या. ते लूप ठरावीक फेऱ्यांपर्यंत उलगडते, सगळा प्रोग्रॅम एका मोठ्या तार्किक सूत्रात बदलते आणि सॅट सॉल्व्हरला (तार्किक सूत्र खरे करणारी मूल्ये शोधणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारते की हे मोडणारा आकडा आहे का. अख्खे फर्मवेअर घेऊ नका. मुदत तपासणारे तेवढे एक फंक्शन घ्या.

आणि हे काही फक्त परदेशात चालत नाही. पुण्यात टीसीएसच्या संशोधन केंद्रात बनलेले व्हेरिअ‍ॅब्ज हे साधन सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरलेले आहे. मुंबईत आयआयटीत आणि टीआयएफआरमध्ये या विषयावर अनेक वर्षे काम झाले आहे.

निमूट · सोमवार, सकाळी १०:४१

हिशेबनिसाला सॅट सॉल्व्हर दाखवू नका. जीएसटीची विवरणे त्यात घालेल आणि उत्तर येईल : समाधान अशक्य.

कोल्डस्टार्ट · गुरुवार, रात्री ११:१५

तीन संध्याकाळी बसलो. जसे घडले तसे लिहितो.

पहिल्यांदा मुदतीचे फंक्शन सीबीएमसीला जसेच्या तसे दिले. दोन सेकंदांत उत्तर आले, ‘व्हेरिफिकेशन सक्सेसफुल’. ज्या फंक्शनने कॉम्प्रेसर पाडला, ते बरोबर! फ्लिपफ्लॉप यांचा झोपलेला फिफो आठवला नसता, तर मी टूल निरुपयोगी म्हणून सोडून दिले असते. कारण नंतर कळले : सी भाषेत चिन्हविरहित (कधीच ऋण नसणाऱ्या) पूर्णांकाने ओसंडून शून्यावर येणे ही चूक नाही, तो भाषेचा नियमच आहे. म्हणून ते तपासायला सांगितल्याशिवाय टूल त्याबद्दल तक्रार करत नाही. मला काय हवे आहे, ते मी कुठे सांगितलेच नव्हते.

मग एक वाक्य लिहिले : शेवटचा निरोप कोणत्याही क्षणी येवो, त्यानंतर कितीही वेळ जावो, तो वेळ ५००० किंवा अधिक असेल तरच आणि तेव्हाच मुदत उलटली म्हणावे. दोन्ही आकडे मोकळे सोडले. या वेळी उत्तर ‘फेल्ड’ आले आणि सोबत उदाहरण : शेवटचा निरोप ४,२९,४९,६६,१२१ ला, लोटलेला वेळ शून्य, निकाल ‘मुदत उलटली’. तीन दिवस शोधलेली चूक एका ओळीत समोर होती. बेरजेऐवजी ‘आत्ताची वेळ वजा शेवटच्या निरोपाची वेळ’ असे लिहिले आणि वाक्य सिद्ध झाले.

तेच वाक्य थोडे बदलून मी कॉम्प्रेसरच्या विश्रांतीच्या फंक्शनलाही लावले. कॉम्प्रेसर थांबला की किमान ३ मिनिटे सुरू करायचा नाही, कारण आतला दाब उतरावा लागतो. तेही नापास. तिथेही ‘थांबल्याची वेळ अधिक १,८०,०००’ अशीच बेरीज होती.

कसोटीवीर, तुमच्या शंकेचे उत्तर इथे आहे. काउंटर संपण्याच्या आधीच्या ५ सेकंदांत सेन्सर गेला म्हणून कॉम्प्रेसर थांबला; सेकंदाभरात निरोप आला म्हणून सेन्सर जिवंत ठरला; विश्रांतीची बेरीजही ओसंडल्याने ३ मिनिटे झालीच असे समजून कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला; आणि पुढच्या क्षणी पुन्हा थांबला. पाच सेकंदांत चार-पाच वेळा भरल्या दाबावर मोटर सुरू-बंद झाल्यावर रिले पडणारच. व्होल्टेजचा काही संबंध नव्हता. आम्ही एक चूक दुरुस्त करून दुसरी तशीच पाठवणार होतो.

खडूडस्टर · गुरुवार, रात्री ११:५०

उत्तम. फक्त एक पाहा. तुमच्या वाक्यात लोटलेला वेळसुद्धा ३२ बिटांचाच आहे, म्हणजे तो ४९ दिवसांहून कमी असल्याचे तुम्ही नकळत गृहीत धरले आहे. हंगाम नसताना शीतगृह दोन महिने बंद असेल आणि कंट्रोलर चालूच असेल, तर?

कोल्डस्टार्ट · शुक्रवार, सकाळी ८:१०

सर, रात्री झोप लागली नाही. विश्रांतीच्या बाबतीत वाईटात वाईट म्हणजे कॉम्प्रेसर ३ मिनिटे उगाच थांबेल, ते चालेल. सेन्सरच्या बाबतीत मात्र मेलेला सेन्सर क्षणभर जिवंत वाटू शकतो. म्हणून एकदा गेलेला सेन्सर नवा निरोप येईपर्यंत गेलेलाच राहील, असा बदल केला आणि तेही वाक्य टूलला दिले.

कसोटीवीर · शुक्रवार, सकाळी ९:०५

आणि काउंटर पाच मिनिटे आधीपासून सुरू करायचे?

कोल्डस्टार्ट · शुक्रवार, सकाळी ९:१२

तेही केले. सिद्धता झाल्यावरही टेबलावर खरा रिले लावून पाहिला. फेरा उलटताना तो हलला नाही. आता त्या ग्राहकाचा कंट्रोलर ३४ व्या दिवसावर आहे आणि नवे फर्मवेअर घेऊन माणूस सोमवारी जाणार आहे. तोवर त्यांना कंट्रोलर एकदा बंद करून चालू करायला सांगितले आहे.

फ्लिपफ्लॉप · शुक्रवार, सकाळी ९:२०

बोइंगच्या ग्राहकांनाही हेच सांगितले होते.